लव्हडेने घडवलेला सलोखा

नाही गं पोरी, तसलं प्रेम नव्हे. फुलं आणि चिठ्ठ्यांचं नव्हे. लव्हडे म्हणजे सलोख्याचा दिवस. फार जुन्या काळी दोघांचं भांडण कोर्टात जायच्या आधी एक दिवस ठरवायचे, दोघांना समोरासमोर बसवायचे, मधे कोणीतरी शहाणा. मिटलं तर मिटलं. त्या दिवसाचं नाव लव्हडे. त्या दिवशी घरात मूल जन्मलं की त्याला तेच नाव ठेवून द्यायचे, मग पोरगी असो की पोरगा. बाकीचं इंग्लंड ते नाव कधीच विसरलं. आमच्या कॉर्नवॉलच्या शेपटाला तेवढं चिकटून राहिलं, खडकाला कालव चिकटतं तसं. माझ्या लहानपणी आमच्या खाडीत वरच्या आळीत एक लव्हडे, खालच्या आळीत एक लव्हडे, आणि चर्चमागच्या घरात एक बहिरी लव्हडे. कोणाला त्याचं कौतुक नव्हतं, आणि अर्थ तर कोणाला ठाऊकच नव्हता. तेच बरं होतं.

ही जी आपली लव्हडे, पास्को नान्सची बायको, तिचं नाव काही कोणाचं भांडण मिटलं म्हणून पडलेलं नव्हतं. तिच्या बापाच्या आत्याचं नाव लव्हडे, आणि आत्याकडे एक गाय होती. गाय आपल्याला मिळेल म्हणून बापाने पोरीला आत्याचं नाव दिलं. आत्याने गाय शेजाऱ्याला विकली. एवढीच त्या नावाची पुण्याई.

आता पास्को आणि त्याचा थोरला भाऊ डिगोरी. दोघांची मिळून एक होडी, आणि दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हते. बाप गेला त्या हिवाळ्यापासून. गाव म्हणायचं, बापाच्या घड्याळावरून बिनसलं, कारण घड्याळ पास्कोकडे गेलं. पण कामात बघशील तर डोळे निवतील! जाळं ओढताना एक वरच्या कडेच्या तरंगत्या भेंडाच्या दोरीला, दुसरा खालच्या कडेच्या जड शिशाच्या दोरीला, आणि हात असे चालायचे की जणू एकाच माणसाचे चार. अगदीच काही सांगायची वेळ आली तर होडीवर एक कुत्रा होता, फ्लाय नावाचा. डिगोरी कुत्र्याला म्हणायचा, "फ्लाय, डावीकडची दोरी ढिली आहे बघ." पास्को मुकाट उठून दोरी ताणायचा. मग तोही कुत्र्याला, "फ्लाय, दुपारनंतर वारा फिरणार असं दिसतंय." डिगोरी होडी घराकडे वळवायचा. सगळ्या धक्क्यावर त्या कुत्र्याइतका हवामानातला जाणकार कोणी नव्हता.

डिगोरीची बायको टॅमसिन. ती लव्हडेची थोरली जाऊ, आणि बाई शहाणी. तिने नवऱ्याला लग्नानंतर एकदाच विचारलं होतं, भावाशी का बोलत नाहीस म्हणून. तो म्हणाला, "तोंड उघडलं तर एकच वाक्य बाहेर पडेल. म्हणून उघडत नाही." टॅमसिनने परत विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीत दोन घरांची भाकरी होती हे तिला कळत होतं.

मग आमच्या चर्चला आला नवा पाद्री. पुस्तकं वाचून वाचून डोळे बारीक झालेला, आणि माणसं न वाचलेला. त्याने एका रविवारी सगळ्यांसमोर लव्हडेला तिच्या नावाचा अर्थ सांगितला. झालं! आधीच मर्कट, त्यात दारू प्यालेलं. दुसऱ्या दिवसापासून बाईची चालच बदलली. कोणाची कोंबडी कोणाच्या वाफ्यात गेली की ही मधे. नवरा-बायकोत खटका उडाला की ही दारात, डोकं एका बाजूला कलवून, "मी आले, आता बोला" असा चेहरा करून. नाव मोठं, लक्षण खोटं. तिच्या येण्याने मिटलेलं एक भांडण मला दाखव. वाढलेली दहा दाखवते.

आणि असं करता करता तिची नजर घरच्याच भावांवर गेली.

टॅमसिन धक्क्यावर बांगडे साफ करत बसली होती तेव्हा लव्हडे आली आणि तिने सांगून टाकलं, येत्या रविवारी माझ्या स्वयंपाकघरात दोघांना बसवणार, पाद्रीबाबा मधे बसणार, अगदी जुन्या रिवाजाप्रमाणे.

टॅमसिनच्या हातातली सुरी थांबली. "लव्हडे, नको. राहू दे त्यांना."

"जाऊबाई, सख्खे भाऊ आहेत ते. कुत्र्याशी बोलतात, भावाशी बोलत नाहीत. चार लोकांत लाज वाटते मला."

"लाज तुला वाटते ना? मग तू चार लोकांत जाऊ नकोस. होडी चालतेय ना?"

"होडी म्हणजेच काय सगळं?"

"हो. होडी म्हणजेच सगळं. तुझी चूल तिच्यावर, माझी तिच्यावर. एकट्याला ते जाळं ओढवत नाही. बिघडलं काही तर खाशील काय, तुझं नाव?"

लव्हडे हसली. कशी, तर वेड्या पोराकडे बघून हसतात तशी. "तुम्हाला नाही कळायचं ते, जाऊबाई. माझ्या नावातच ते काम आहे."

"माझ्या आजीचं नाव ग्रेस होतं, म्हणजे कृपा," टॅमसिन म्हणाली, "आणि ती शेजाऱ्यांवर बादल्या फेकायची."

पण मूर्खाला काय सांगायचं आणि पाण्यावर काय लिहायचं! पास्कोला हिने रडून तयार केलं आणि डिगोरीच्या घरी पाद्रीला पाठवलं. घरी आलेल्या पाद्रीला नाही कसं म्हणणार? रविवारी चौघं बसले, आणि मधे पाद्री. टेबलावर चहा आणि लव्हडेचा केशराचा केक. केशर इतकं घातलेलं की खाणाऱ्याच्या जिभेला औषध लागावं. टॅमसिन नवऱ्याला अगदी चिकटून बसली, गरज पडली तर ओढून न्यायला.

पाद्रीने प्रार्थना केली. लव्हडेने हात जोडून डोळे मिटले आणि मग उघडून म्हणाली, "आता मनात आहे ते सगळं बोला. काही म्हणजे काही ठेवू नका."

पास्को साधा माणूस. त्याने खिशातून बापाचं घड्याळ काढलं आणि टेबलावर भावाच्या पुढे सरकवलं. "घे. हेच हवं होतं ना? घे आणि संपव एकदाचं."

डिगोरीने घड्याळाकडे नुसतं बघितलं. "मला घड्याळ नको होतं."

टॅमसिनने त्याचा दंड धरला. "उठ. घरी चल."

"नाही हं जाऊबाई!" लव्हडे टाळ्याच वाजवायची बाकी होती. "आत्ता कुठे वाट फुटलीय. बोलू द्या त्यांना."

"मग काय हवं होतं?" पास्कोने विचारलं.

"बाप हवा होता," डिगोरी म्हणाला. "वारा फिरणार म्हणून मी सांगितलं होतं. तरी म्हाताऱ्याला घेऊन गेलास आणि ओलाचिंब करून आणलास. आठवडाभर खोकून मेला तो. तू मारलंस त्याला."

पास्को पांढराफटक पडला. मग अगदी हळू म्हणाला, "तू तापाचं सोंग घेऊन पडला होतास. तू आला असतास तर तो घरी राहिला असता. तू मारलंस."

बघ, दोघांच्या पोटात एकच गोष्ट होती, आणि इतकी वर्षं दोघांनी ती एकमेकांवर दया करून गिळली होती. त्यालाच ही बाई भांडण म्हणत होती! खपली धरली होती, ती हिने नखाने काढली. आणि तो पाद्री काय म्हणाला ठाऊक आहे? "छान. फार छान. आता हात मिळवा." मला वाटतं त्याने पुस्तकातलं तेवढंच पान वाचलं होतं.

हात कोणी मिळवला नाही. सोमवारी पहाटे दोघं धक्क्यावर आले. होडी खाली डुलत होती. डिगोरी उभा राहिला, पास्को उभा राहिला. आधी पाय कोणी टाकायचा? ते शब्द बोलून झाल्यावर त्या एवढ्याशा फळीवर, खांद्याला खांदा लावून, कसं बसायचं? ओहोटी लागली आणि दोघं आपापल्या घरी गेले. मंगळवारी तेच. पुढच्या आठवड्यात डिगोरी आलाच नाही.

होडी विकली. लंडनकडच्या एका माणसाने घेतली, पांढरी रंगवली, गाद्या टाकल्या, आणि पाहुण्यांना सील प्राणी दाखवायला फिरवू लागला. डिगोरी दुसऱ्या बंदरात बर्फाच्या कारखान्यात लागला. पास्को एकटाच किनाऱ्याकाठी खेकड्यांचे पिंजरे टाकू लागला. टॅमसिनला खाडी सोडावी लागली. सामान गाडीत चढवताना लव्हडे आलीच निरोपाला, डोळे पुसत. म्हणे, "काही म्हणा जाऊबाई, मनं तर मोकळी झाली ना!"

"झाली ना," टॅमसिन म्हणाली. "चूलही मोकळी झाली."

त्यानंतर आमच्या खाडीत एकाही पोरीचं नाव लव्हडे ठेवलं नाही कोणी. वरची मेली, खालची मेली, बहिरी मेली, आणि ही एक सोडली तर नाव त्यांच्याबरोबर गेलं. आता परत ऐकू येतंय. उन्हाळ्यात येणारे बंगलेवाले ठेवतात, पोरींना ठेवतात आणि कुत्र्यांनाही ठेवतात, आणि पुस्तकात अर्थ वाचून एकमेकांना सांगतात, किती गोड! गोडच असणार. त्यांना कुठे त्यावर जेवायचंय.

डिगोरी गेला, पास्कोही गेला. लव्हडे आहे. असली माणसं टिकतात. अजून सांगत फिरते की त्या घरात शेवटी खरं बोलायला तिनेच शिकवलं.

तर आता ऐक. लव्हडेचा नातू पेरन, त्याने नवी होडी घेतलीय, आणि एकट्याला जाळं ओढवत नाही. टॅमसिनचा नातू रुआन, समुद्रासाठी जीव टाकतो, आणि दुकानात पेट्या उचलतोय. पेरनला तो हवा आहे, मला ठाऊक आहे, पण विचारायचं कसं? आजोबांचं काढावं लागेल, माफी मागावी लागेल, आणि मग लव्हडे आहेच टेबल पुसून दोघांना समोरासमोर बसवायला. तू उद्या त्या दुकानात जाशील ना, तेव्हा रुआनला बाजूला घे आणि माझा निरोप दे. म्हणावं, सोमवारी पहाटे धक्क्यावर ये, पेरनच्या होडीत चढ, आणि शिशाची दोरी धर. तोंडातून एक अक्षर काढू नकोस.