चंद्रावतीच्या हातचा रस

सुमतीबाईंची हाक जिन्यातून आली तेव्हा चंद्रावती खलबत्त्यात लसूण ठेचत होती. "वहिनी, लवकर या हो! यांचं तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाहीये!"

चंद्रावतीचा नवरा धर्मराज अनवाणीच खाली धावला. त्याने प्रभाकरना उचलून रिक्षात घातलं आणि दवाखान्याकडे नेलंसुद्धा. चंद्रावती मात्र ओट्याला धरून उभीच. प्रभाकर म्हणजे सुमतीबाईंचे यजमान, खालच्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, धर्मराजचे रोजचे फिरण्याचे सोबती. काल संध्याकाळी याच दारात उभे राहून थट्टामस्करी करत होते. धडधाकट माणूस, आणि असं?

आता चंद्रावतीची गोष्ट सांगायची तर आधी धर्मराजचं मीठ सांगायला हवं. घर मिठागरवाल्यांचं. उरणच्या बाजूला खाडीकाठी बापजाद्यांची मिठागरं होती. ती गेली, पैसे आले, खांदा कॉलनीत फ्लॅट झाला. पण जेवताना पानात खडे मीठ वाढून घ्यायची सवय काही गेली नाही. अशा माणसाला डॉक्टरने सांगितलं, बीपी वाढलंय, मीठ कमी करा आणि रोज सकाळी एक गोळी घ्या. धर्मराजला ती शिवीच वाटली.

"मीठ सोर बोलतो! माज्या बापान मिठावर घर चालवला. त्याला कदी बीपी नाय झाला."

बाप पन्नाशीही न गाठता मिठागराच्या बांधावर उभ्याउभ्या कोसळून गेला होता, हे तो सोयीने विसरायचा. चंद्रावती कशी विसरेल? ती तेव्हा नवी नवरी होती. सासऱ्याच्या तोंडात शेवटचं पाणी तिनेच घातलं होतं.

गोळ्या चार दिवस घेऊन धर्मराजने बंद केल्या. मोबाइलवर कुणीतरी बाबा शेवग्याचा पाला, लसूण आणि कोथिंबिरीचा रस पिऊन बीपी पळवून लावत होता. "गोलीची सवय लागते, पाल्याची नाय लागत," असं म्हणून त्याने बायकोला रस करायला बसवलं. तिने रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी. मग तिने आपली अक्कल चालवली. गोळ्यांची पाकिटं नाचणीच्या डब्यात गेली, आणि रोज सकाळी लसणाबरोबर एक गोळीही बत्त्याखाली जाऊ लागली. लसणाच्या त्या उग्र वासापुढे गोळीची चव कुठली लागायला!

बीपी उतरलं. डॉक्टर म्हणाले, "छान, गोळ्या चालू ठेवा." धर्मराज बाहेर येऊन पोट धरधरून हसला, आणि चंद्रावती पदराआड. नवऱ्याला शहाणं करण्यापेक्षा त्याला नकळत बरं करणं सोपं, हे कुठल्या बाईला ठाऊक नसतं? खरं सांगायचं तर तिला स्वतःचा अभिमानच वाटत होता.

पुढे बागेत फिरणाऱ्या मंडळींनाही रस हवासा झाला. चंद्रावती त्यांच्यासाठी वेगळं पातेलं करायची. त्यात फक्त पाला, लसूण, कोथिंबीर. दुसऱ्याच्या औषधात आपण कशाला हात घालायचा? पालाच तो, कुणाला काय बाधणार! सुमतीबाई सकाळी येऊन बाटली न्यायच्या, रसाचं कौतुक करायच्या, आणि ही फुलून जायची. नवरा बागेत काय ज्ञान पाजळतो, हे तिने कधी विचारलंच नाही.

ती दवाखान्यात पोचली तेव्हा सुमतीबाई बाकावर बसल्या होत्या. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, जीव वाचेल, पण बोलता येईल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. बीपीची कुठली गोळी घेत होते?

"गोळ्या केव्हाच सोडल्या हो यांनी," सुमतीबाई म्हणाल्या. "मी नको नको म्हणत होते. तर म्हणाले, धर्मराजकडे बघ, नुसत्या रसावर ठणठणीत झालाय."

डॉक्टर आत गेल्यावर चंद्रावतीने नवऱ्याला दंडाला धरून भिंतीशी नेलं.

"बागेनले सगल्यांनी गोल्या सोरल्यान?"

"सगल्यांनी. मीच सांगितला. पन प्रभाकरनी रस रोजचे रोज घेतला नसंल. मना बघ ना, मना काय झालाय?"

"तुमचे रसान गोली होती."

तो हसलाच आधी. "कंची गोली?"

"डागतरची. लसणासंगती ठेचून घालायची मी. रोज. तुमी एक दिवस गोलीबिगर नवता."

धर्मराजसारखा एवढा आडदांड माणूस, भिंतीला टेकत टेकत खाली फरशीवर बसला.

"बसू नका! फोन लावा सगल्यांना. आताच डागतरकरं जा बोला."

त्याने नंबर लावला. तिने फोन ओढून घेतला आणि एकेकाला स्वतःच सांगितलं. रसाने नाही, गोळीनेच बरं वाटलं यांना, गोळी मीच घालत होते, तुम्ही आजच्या आज डॉक्टरकडे जा. दर वेळी तेच सांगताना तिला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

फोन संपवून ती वळली. सुमतीबाई उठून मागेच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चंद्रावती पाय धरायला वाकली, तर त्यांनी तिला वरच धरलं. त्यांनी शिवी द्यावी, तोंडात मारावं, असं तिला मनापासून वाटत होतं. सुमतीबाईंनी आवाजसुद्धा चढवला नाही.

"रोज सकाळी मी तुमच्या दारात यायचे, वहिनी," त्या म्हणाल्या. "एकदा नुसतं कानात सांगायचं होतंत. मीही ठेचून घातली असती."