दारातली सलामी

अब्बांचा मेडलांचा कोट इस्त्री करायचं काम आयुष्यभर अम्मीकडे होतं, पण तो कोट घालून अब्बा काय करतात हे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

आमच्या वडूजकडच्या गावांत एका घराआड एक फौजी. कुणी जुना सैनिक गेल्याचा निरोप आला, की एकाहत्तरच्या लढाईत पाय अधू होऊन आलेले माझे अब्बा कोट चढवायचे, टोपी तिरपी बसवायचे आणि लंगडत एसटी गाठायचे. बाकीचे पुरुष प्रेताबरोबर स्मशानात जायचे. बिगुल तिकडे वाजायचा, बंदुका तिकडे उडायच्या. अब्बा मात्र घरापाशीच मागं राहायचे. बायका स्मशानात जात नाहीत आणि तिथं आपल्या माणसाचा काय मान झाला ते त्यांना कुणी येऊन सांगतही नाही, हे त्यांना एका दोस्ताच्या बायकोनं विचारल्यावर उमगलं होतं. "भावजी, तिकडं काय केलं वो त्यांचं?" एवढंच ती म्हणाली होती. अब्बांना शब्द सुचेनात, म्हणून त्यांनी तिथंच दारात तिला सॅल्यूट ठोकला. तेव्हापासून हा रिवाजच पडला. आतली बाई मान वर करून बघेपर्यंत त्यांचा हात खाली यायचा नाही.

"फौजी बायकांत रमतो," अशी लोकांनी चेष्टा केली. अब्बांनी ती या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिली. अम्मी मात्र कोटावर इस्त्री फिरवताना कधी कधी विचारायची, "आन् माज्या वक्ताला कोन येनार?"

"यील की कुनीतरी," अब्बा म्हणायचे. "फौज काय ल्हान हाय व्हय?"

गेल्या हिवाळ्यात, उसाचा हंगाम ऐन भरात असताना, पहाटेच्या नमाजेनंतर अब्बा अंथरुणाला टेकले ते टेकलेच. मी इस्लामपूरहून पोचले तेव्हा अम्मीच्या हातातल्या बांगड्या उतरवून झाल्या होत्या. तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि कानाशी तोंड आणून म्हणाली, "सलामी दारात व्हायला पायजे. तिकडं मातीपाशी काय करायचं ते करूंदेत."

मी हो म्हणाले. न विचारता, न बघता हो म्हणायची मला सवयच आहे.

साताऱ्याहून सलामीची तुकडी निघाल्याचा फोन आला होता. तिचा हवालदार फोनवर फार अदबीनं बोलला. चाचांनी, म्हणजे अब्बांच्या धाकट्या भावानं, दुपारच्या नमाजेनंतर दफन असं ठरवलं होतं. मय्यत ताटकळत ठेवू नये हे मलाही मान्य होतं. वेळ भरपूर होता. मग हवालदाराचा दुसरा फोन आला. रस्त्यात उसाची ट्रॉली उलटली होती, मोळ्या रस्ताभर पसरल्या होत्या आणि पुढं-मागं गाड्यांची रांग लागली होती.

मी चाचांना म्हणाले, "थोडं थांबू या."

"किती थांबायचं?" चाचा म्हणाले. "त्यो रस्ता कवा मोकळा हुयाचा, तुला तरी ठावं हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. मी अंगणातून फोन लावत राहिले आणि दर वेळी उत्तर तेच, "ताई, निघतोच आहोत." त्या 'निघतोच'चा मला इतका संताप आला, की फोन हौदात फेकून द्यावासा वाटला.

आत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी अशा, की ज्यांच्या दारात अब्बा उभे राहिले होते. औंधकडची एक म्हातारी अम्मीला सांगत होती, "मी लय येळ मान खाली घालूनच बसले व्हते, भाबी. वर बघितलं तर फौजींचा हात निसता थरथरत व्हता. मला माज्याच रडन्याची लाज वाटली." अम्मी अब्बांचा कोट मांडीवर घेऊन ऐकत होती.

जनाजा उचलला. बायकांनी टाहो फोडला. अम्मी जनाज्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि ती नजर मला सोसवेना.

पुरुष गेले आणि घर ओकंबोकं झालं. बऱ्याच वेळानं ओढ्यापलीकडून बिगुल ऐकू आला. कब्रस्तान साताऱ्याहून येताना लागणाऱ्या औंधच्या रस्त्याला आहे. तुकडी घराकडे न वळता थेट तिकडंच गेली होती.

"तिकडंच झालं व्हय?" अम्मी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रारसुद्धा नव्हती.

मी पदर खोचला आणि निघाले. कब्रस्तानाच्या फाटकात आमच्यातल्या बायका जात नाहीत, मीही गेले नाही. रस्त्यावर त्यांची गाडी वळत होती, तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. हवालदार खाली उतरला. तिशीतला, उन्हानं रापलेला.

"माफ करा ताई, उशीर झाला. पण इथं सगळं रीतसर पार पडलं."

"आमच्या घरी पार पडलेलं नाही," मी म्हणाले आणि अब्बांचा रिवाज त्याला सांगितला. रागानं माझा आवाज चिरकत होता.

तेवढ्यात चाचा फाटकातून आले. "अगं, वैनी इद्दतीत, पडद्यात बसलीया. परका गडी दारात उभा करतीस? लोकं काय म्हनतील?"

"चाचा, अब्बा कुठल्या दारात सख्खे होते?"

चाचांच्या हाताला कबरीची माती होती, ती त्यांनी धोतराला पुसली. मग ते पुढं निघाले. आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी दाराला पातळ पडदा बांधला होता आणि अंगणातल्या खुर्च्या एका कडेला सारल्या होत्या.

मी आत जाऊन अम्मीजवळ उभी राहिले. हवालदार एकटाच उंबऱ्यासमोर आला, टाचा जुळल्याचा आवाज झाला, हात कपाळाला गेला. पडद्यातून तो स्पष्ट दिसत होता. पण अम्मीची मान खाली. मांडीवरच्या कोटाची एक बाही ती बोटांनी सरळ करत होती, परत परत. मला ओरडावंसं वाटलं, अगं बघ, आला आहे, बघ तरी. हवालदाराला आतलं काहीच दिसत नव्हतं. बाई बघते आहे की नाही हे कळायला त्याला मार्ग नव्हता, तरी हात खाली आला नाही. हळूहळू त्याचं कोपर थरथरायला लागलं.

औंधकडची म्हातारी अम्मीच्या कानाशी वाकली. "भाबी, वर बघा. त्येचा हात दुकतूया."

अम्मीनं मान वर केली. कितीतरी वेळ ती नुसती बघत राहिली. मग उठली, दारापाशी गेली, आणि पडद्याच्या कडेनं तिचा ओका हात बाहेर आला.

"सलामी पोचली, बाळा," ती म्हणाली. "आता हात खाली घे."