शिंपीकाकांच्या टेबलाची खाच
शिवून आलेल्या ब्लाउजवर खडूची रेघ राहिली असली की त्या कोरड्या वासासरशी मला म्हैसूरच्या बाजारातलं ते दुकान आठवतं. तिथल्या व्यापारी इमारती भूकंपात कितपत टिकतील हे तपासायच्या कामावर मी नवीनच लागले होते. खाली शिंपीकाकांचं दुकान, वर दोन मजले शिकवणीचे वर्ग. मीही त्यांच्यासारखी घरी मराठी बोलते म्हटल्यावर काका खूश झाले, लगेच कॉफी आली. तेवढ्यात मला कोपऱ्यातला खांब दिसला. कमरेएवढ्या उंचीवर तो तासलेला होता आणि आतल्या गंजक्या सळया उघड्या पडल्या होत्या. "कापायचं टेबल बसेना, म्हणून चार बोटं आत घेतला, अष्टे, एवढंच," काका म्हणाले. मी फॉर्मवर 'धोकादायक' लिहिलं. "आपल्यातली असून असं लिहितेस? बेडा गं, नको असं, खोड ते. म्हैसूरला कुठला आलाय भूकंप!" मी खोडलं नाही. "काका, ब्लाउज आत घेताना तुम्ही शिवणीत कापड राखता, पुढे उसवून सैल करता यावा म्हणून. इथे काय राखलंत? वर पोरं बसतात." गळ्यातली टेप काढून काकांनी खांब वर मोजला, मग तासलेल्या जागी मोजला. "राहू दे लिहिलेलं," एवढंच म्हणाले. दोन महिन्यांनी गेले, तर खांब नव्या काँक्रीटने पहिल्याहून जाड झाला होता, आणि काकांनी वडिलांच्या सागवानी टेबलाला, ब्लाउजला बाहीसाठी मुंढा कापावा तशी, खांबाच्या मापाची खाच कापली होती. आजही कुणी "एवढं खोडा हो" म्हणालं की मी पेनाला टोपण लावते.