लॅपटॉपसाठी कांदेपोहे

आमच्या घरातला जुना लॅपटॉप म्हणायला माझा होता. लग्नानंतर मी तो माहेरहून आणला तेव्हा वाटलं होतं, नथ, पैंजण आणि हा, एवढं तरी माझंच राहील. नथ आणि पैंजण राहिले. लॅपटॉप मात्र महिन्याच्या आत घराचा झाला. सकाळी त्यावर आत्यांचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, कीर्तन लागायचं. दुपारी मामा, म्हणजे सासरे, जेवून आडवे झाले की जुन्या कुस्त्या. संध्याकाळी धाकटे भावजी स्पर्धा परीक्षेचा क्लास लावायचे आणि त्याच्याआड क्रिकेट बघायचे. नवरा चिंचोळीच्या कारखान्यातून ड्यूटी करून आला की चपला काढायच्या आधी लॅपटॉप त्याच्या पुढ्यात. मधल्या फटीत जो काही वेळ उरेल त्यात मी माझं काम करायचं.

माझं काम म्हणजे चादरी आणि टॉवेलांवरच्या नक्ष्या. मी घरी बसून नक्षी काढते, रंग भरते, चादरींच्या एका कारखान्याला पाठवते आणि तिकडे ती मागावर चढते. सोलापुरात टॉवेलाने तोंड पुसणाऱ्या कितीतरी लोकांनी माझ्या मोराने तोंड पुसलं असेल, या विचाराने मला अजूनही उगाच हसू येतं.

पण त्या लॅपटॉपची दशा काय सांगावी! बिजागरी तुटलेली, त्यामुळे मागे मसाल्याचा डबा टेकवल्याशिवाय स्क्रीन उभा राहायचा नाही. वायर निघाली की सगळा अंधार. एप्रिल-मे महिन्यांत तो असा तापायचा की खाली ओला पंचा घालून त्यावर ठेवावा लागे. कीबोर्डात शेंगाचटणी इतकी मुरली होती की एखादं बटण दाबलं की कुरकुर वाजायचं. हे सगळं मी सोसलं असतं. रंगांनी मात्र माझं वाटोळं केलं. माझ्या स्क्रीनवरचा डाळिंबी कारखान्यात पोचेपर्यंत विटकरी व्हायचा. कारखान्याचे मालक तसे गोड माणूस, पण एक दिवस फोनवर म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाईक डाळिंब मागतंय आन् तुमी विटा पाठवताय. परत असं झालं तर मला दुसरं माणूस बघावं लागंल बघा."

दुसरं माणूस! माझ्या मोरांना दुसरं माणूस! मी त्या दिवशी रागाने इतका कांदा चिरला की संध्याकाळी भजी करावी लागली.

अशात मोबाइलवर एक जाहिरात दिसली. लॅपटॉप बनवणारी एक कंपनी तिचा नवा, महागडा, अजून बाजारातही न आलेला लॅपटॉप काही निवडक लोकांना वापरायला देणार होती. त्यांनी वापरायचा, काय आवडलं, काय नाही ते सांगायचं, आणि वर्षभर नीट सांगितलं तर तो त्यांचाच. मी माझी सगळी माहिती, मोरांच्या फोटोंसकट, पाठवून दिली. थोड्या दिवसांनी फोन आला: तुमची व्हिडिओवर मुलाखत घ्यायची आहे. मी स्वयंपाकघरात हातातल्या उलथन्यासकट गिरकी घेतली आणि फोडणी जळाली.

जेवताना घरात सांगितलं. आत्यांनी एकच विचारलं, "कोण कोण येणार हाय बघायला?"

"कुणी येत नाही हो आत्या. एक मॅडम बेंगळुरूहून व्हिडिओवर बोलणार."

"मंजे बघायलाच की."

तिथे ठरलं. त्या मुलाखतीचा आमच्याकडे रीतसर बघण्याचा कार्यक्रम झाला. पलंगावर नवी चादर आली, अर्थात माझ्याच नक्षीची. मामांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला आणि टोपी चढवली. भावजींना दाढी करायला लावली. आत्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसून सकाळपासून कांदेपोहे केले आणि बशी जुन्या लॅपटॉपसमोर, कॅमेऱ्यात येईल अशी मांडली. मी म्हटलं, अहो, त्या खाणार कशा? तर म्हणाल्या, "खात न्हाईत, पण बघत्यात तर खरं. घर कसं हाय ते कळतंय."

मुलाखत सुरू झाली तेव्हा मी मधोमध मान खाली घालून बसले होते, आणि माझ्या चहूबाजूंनी घर बसलं होतं. त्या मॅडम तरुण होत्या, मराठी छान बोलत होत्या. त्यांनी एवढे चेहरे पाहून दोनदा चष्मा नीट केला. मग विचारलं, "तुम्ही लॅपटॉप कसा वापरता?"

"लई निगुतीनं," आत्या म्हणाल्या. "सोभाव शांत हाय तिचा. भाकरी तर अशी थापती की बघत ऱ्हावं."

"अच्छा," मॅडम म्हणाल्या. "आणि नव्या लॅपटॉपकडून तुमच्या अपेक्षा काय आहेत?"

अपेक्षा! हा प्रश्न आमच्या घराने किती बैठकांत ऐकला आणि विचारला असेल. आत्या खुलल्या. "आमच्या काय बी अपेक्षा न्हाईत बघा," त्या म्हणाल्या, आणि पुढची पंधरा मिनिटं सगळ्यांनी अपेक्षाच सांगितल्या.

मामा एस.टी.चे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी घसा साफ केला. "म्याडम, गाडी तापली की काटा वर चढतोय, डायवरला कळतंय. ह्याचं काय कळतच न्हाय. एकदम बंद! त्याला काटा बसवा. आन् रिझर्व्ह ठेवा. बॅटरी संपली संपली म्हणत असली तरी मोडनिंबाच्या स्टँडापातूर गेली पाह्यजे." मॅडम भराभर टिपून घेत होत्या. नवऱ्याला हवं होतं की झाकणावरचं कंपनीचं चिन्ह लांबून चमकावं, म्हणजे लॅपटॉप किती महागाचा ते मीटिंगमध्ये समोरच्याला न सांगता कळतं. भावजींनी चित्र न अडकता पळालं पाहिजे अशी मागणी केली, आणि "अभ्यासासाठी" हा शब्द इतक्यांदा जोडला की मामांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. आत्यांची मागणी सरळ होती. "त्या बटनांमधल्या फटी बुजवा. चटणी जाती. पाट्यावानी एकसंध करा, ओल्या फडक्यानं पुसता आला पाह्यजे." एवढ्यात शेजारच्यांचा यंत्रमाग खडखडायला लागला. मॅडम म्हणाल्या, तुमच्याकडे जोरात पाऊस आहे का? बाहेर मरणाचं ऊन होतं. आम्ही सगळेच हसलो, मॅडमही हसल्या, आणि मामांनी आणखी एक मागणी घातली: मागाचा आवाज आत जाऊ न देणारा माईक.

मी अजून एक शब्द बोलले नव्हते. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीने बोलायचं नसतंच. मला आतून हसण्याच्या उकळ्या फुटत होत्या आणि त्याच वेळी घाबरायलाही होत होतं, कारण हा नवा लॅपटॉप हातचा गेला तर माझं कामही जाणार होतं.

"आणि तुम्हाला स्वतःला?" मॅडमनी विचारलं. "एकच गोष्ट सांगा."

रंग! मी रंग म्हणायचं ठरवून बसले होते. रात्रंदिवस घोकलं होतं, रंग खरे दिसले पाहिजेत. पण तोंडातून आलं ते वेगळंच. "मला असा लॅपटॉप द्या की तो माझ्याशिवाय कुणालाच उघडता येणार नाही."

मॅडमनी मान डोलवली, आभार मानले आणि त्या गेल्या. आत्यांनी पोह्यांची बशी उचलली. "आमी काय चोर हाय व्हय गं?" एवढंच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगते, वाईट वाटण्याच्या खाली कुठेतरी मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच काहीतरी माझ्यासाठी मागितलं होतं, आणि तेही सगळ्या घरादारासमोर.

आणि माझी निवड झाली! खोकं आलं तेव्हा गल्लीतली निम्मी माणसं दारात होती. लॅपटॉप काय होता म्हणता! वहीएवढा पातळ, हातात घेतला तर उचलल्यासारखा वाटेना. मी पहिल्यांदा डाळिंबी रंग लावून बघितला आणि मला डाळिंब खावंसं वाटलं. आत्यांचा रुसवा अजून पुरता गेला नव्हता, पण नवीन वस्तूची पूजा थोडीच चुकते! त्यांनी नारळ फोडला, फूल वाहिलं, आणि कुंकू लावायला नेमकी जागा कुठली निवडली तर वरच्या पट्टीतला तो काळा ठिपका. तो कॅमेरा होता. लॅपटॉप चेहरा ओळखून उघडायचा, त्यामुळे मी समोर उभी राहिले तर तो मलाच ओळखेना. चष्मा पुसायच्या कापडाने कुंकू पुसलं तेव्हा कुठे त्याने दार उघडलं.

कंपनीचा नियम होता की चाचणीच्या काळात चेहरा एकाच माणसाचा. म्हणजे माझा. त्या दिवशी घरात जी जत्रा भरली! मामा टोपी घालून आणि टोपी काढून दोन्ही प्रकारे उभे राहिले. नवऱ्याने लाडीगोडी लावली, लॅपटॉपला. भावजींनी माझी ओढणी डोक्यावरून घेतली, माझा चष्मा लावला आणि माझ्यासारखं तोंड करून समोर बसले. त्यांना ओढणीत बघून हसता हसता माझ्या पोटात दुखायला लागलं. लॅपटॉप ढिम्म. शेवटी आत्या समोर आल्या, क्षणभर बघितलं, "वळखत न्हाय मला," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मला वाटलं, जिंकले! कसलं जिंकले? दुसऱ्याच दिवसापासून घराला युक्ती सापडली. लॅपटॉप माझ्या चेहऱ्याने उघडतो ना, मग तो माझ्या चेहऱ्यापर्यंत आणायचा! मी कणीक मळत असले की समोरून लॅपटॉप येई. "वहिनी, जरा इकडं." उघडला की माघारी. मी अंघोळीला गेले तर दाराबाहेरून मामांचा आवाज, "पोरी, तोंड तेवढं भायेर काढतीस का?" एकदा मी मंडईत वांगी निवडत होते. भावजी मोटारसायकलवर आले, गाडी चालूच, लॅपटॉप माझ्या तोंडासमोर धरला, उघडला, आणि "थँक्यू वहिनी" म्हणून गेले. वांगीवाल्या मावशींनी विचारलं, "फोटू काढला व्हय?" मी काय सांगणार होते? मी घरादाराची किल्ली झाले होते, चालतीबोलती, भाकऱ्या थापणारी किल्ली. मला संताप यायचा आणि हसूही यायचं, बहुतेक वेळा दोन्ही एकदमच.

मग तो दिवस आला. कारखान्याला नवीन मोठी मागणी आली होती आणि नक्षी संध्याकाळपर्यंत हवी होती. मालकांनी बजावून सांगितलं होतं की ही एक जमली तर वर्षभराचं काम तुमचं, नाहीतर दुसऱ्याचं. माझं रंगांचं शेवटचं काम उरलं होतं. सकाळपासून वीज गेलेली, बॅटरी होती तेवढीच. म्हटलं, भाकऱ्या उरकते आणि दुपारभर बसते. तव्यावर भाकरी, दोन्ही हात पिठाचे, आणि भावजी लॅपटॉप घेऊन समोर उभे. त्यांच्यामागे मामा, कुस्तीसाठी. त्यांच्यामागे सुट्टी असलेला नवरा. अक्षरशः रांग.

"वहिनी, पाचच मिनिटं."

मी डोळे मिटून घेतले.

लॅपटॉप उघडेना. भावजींनी तो डावीकडे धरला, उजवीकडे धरला. मी डोळे घट्ट मिटून उभी. "वहिनी, अहो डोळे!" मी मान हलवली. नवरा म्हणाला, "अगं, भाकरी करपेल." मी म्हटलं, करपू दे. मला इतकं हसू येत होतं की गाल दुखत होते, पण पापणी काही मी हलू दिली नाही. मामा म्हणाले, "आता काय करायचं मग?" आणि खरंच कुणालाच कळेना काय करायचं.

तेवढ्यात पाठीमागून आत्यांचा आवाज आला. "ठिवा तितं ते. न्हाय, ओट्यावर नगं, तिच्या खोलीत ठिवा. आन् निघा समदी हितनं." पावलं निघून गेल्याचं ऐकू आलं. मग माझ्या हातातला गोळा कुणीतरी काढून घेतला. डोळे उघडले तर आत्या पदर खोचून तव्यासमोर उभ्या होत्या, करपलेली भाकरी बाजूला काढत. "जा, बस तुझ्या कामाला. मी थापते."

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. पण हात पिठाचे होते, म्हणून मी नुसतीच उभी राहिले. त्या माझ्याकडे न बघता, भाकरी थापता थापता म्हणाल्या, "एक इचारू? त्या तुझ्या म्याडमला इचार की. असं कपाट मिळतंय का, माझ्याच तोंडानं उघडणारं?"

आत्यांच्या कपाटाची किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला असते. मी लग्न होऊन या घरात आल्यापासून तिथेच असते, आणि ज्याला जे हवं ते तो काढून घेतो. मी रोज तो खिळा बघते आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

संध्याकाळच्या आत नक्षी गेली आणि मालकांचा फोन आला: डाळिंबी अगदी डाळिंबी आलाय, मॅडम. त्यानंतरच्या आठवड्यात बेंगळुरूच्या मॅडमनी विचारलं, आता पुढच्या लॅपटॉपकडून काय अपेक्षा आहेत? मी म्हटलं, लॅपटॉपचं नंतर बघू, आधी माझ्या सासूबाईंना एक कपाट हवंय.