खेळ न खेळणाऱ्यांचं पत्र

जपानमध्ये वाचायचे खेळ असतात. पडद्यावर चित्र, खाली मजकूर. वाचत जायचं, मधूनच दोन वाटा समोर येतात, त्यांतली एक निवडायची, आणि निवडीप्रमाणे गोष्टीचा शेवट बदलतो. हे खेळ मी जवळजवळ खेळलेच नाहीत. त्यांच्याविषयीची मासिकं मात्र कॉलेजपासून वाचते आहे. त्यांत पात्रांची चित्रं असतात, लेखकांच्या मुलाखती असतात, आणि कथेचा सारांश असतो, जो ऐन मोक्याच्या जागी थांबतो. पुढचं मी मनातच रचत असे. खेळ चालवायचं यंत्र घरी नव्हतं, आणि जपानी जी काही येते ती मी ह्याच मासिकांतून शिकले.

अर्धवट भाषेची मला कधी धास्ती वाटली नाही. आमचे पूर्वज मैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. घरी आम्ही मराठी बोलतो, पण पुण्याहून कुणी आलं तर त्याला निम्मं कळत नाही, आणि मराठी पुस्तक वाचताना मलाच शब्द अडतात. जपानी मासिकात अडले तर त्यात नवल काही नव्हतं.

नोकरी लागल्यावर मी जुने अंक मागवायला लागले. तिकडचा एक मध्यस्थ जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून अंक गोळा करतो आणि खोक्यात भरून बोटीनं पाठवतो. मैसूरात बन्नीमंटपला आमच्या घरी खोकं पोचायला दोन-अडीच महिने लागतात. दसऱ्याच्या सुमारास आलं तर मिरवणुकीच्या तालमींसाठी रस्ते अडवलेले असतात, मग आणखी एक दिवस.

पहिलं खोकं उघडलं तेव्हा अप्पा, माझे वडील, समोर होते. ते ऑफसेट प्रेसमध्ये मशीनवर होते, नुकतेच निवृत्त झाले होते. मुखपृष्ठावरची निळ्या केसांची, मोठ्या डोळ्यांची मुलगी बघून आई "हे काय गे, लहान पोरांचं?" म्हणाली आणि आत गेली. अप्पांनी अंक उचलून वास घेतला, कपाटातून भिंग आणलं आणि त्या मुलीचा गाल बघत बसले.

"रजिस्टर बग," ते म्हणाले. "चारी रंग एकावर एक बसलेत. केसाएवढं सरकलं नाही. कोण छापलं हे?"

"गोत्तिल्ला, ठाऊक नाही अप्पा. जपानात छापलंय."

"खेळाचं पुस्तक म्हणतीस. खेळतीस का तू?"

"नाही. सुम्ने, उगीच वाचते."

"खेळाचं वाचतीस आणि खेळत नाहीस." त्यांनी जरा विचार केला. "सरी, असू दे," म्हणाले आणि पान उलटलं.

तेव्हापासून प्रत्येक खोकं आधी अप्पांकडे जाऊ लागलं. ते छपाई तपासत, मग अंक माझ्या हाती येत. निवृत्तीनंतर ते फारसे बोलत नसत. कागद आणि शाई ह्यांवर मात्र आमचं बोलणं व्हायचं.

गेल्या वर्षी एका अंकातून त्यांनी एक कार्ड काढलं. "हे सुटं काय गे?"

ते वाचकांच्या मतांचं कार्ड होतं. अशी कार्डं प्रत्येक अंकात असतात: कुठला लेख आवडला, वय काय, राहता कुठे, आणि खाली मनातलं लिहायला चौकट. ती भरायची, तिकीट लावून टाकायची. हे कार्ड पेन्सिलीनं पूर्ण भरलेलं होतं. तिकिटाची जागा कोरी होती. कुणीतरी लिहिलं आणि टाकलंच नाही. अंक जवळजवळ वीस वर्षांपूर्वीचा.

छापील जपानी मला वाचता येतं. हातानं घाईत लिहिलेलं येत नाही. चार-पाच संध्याकाळी घालवून मला फक्त "सतरा" आणि "थोरला भाऊ" एवढं लागलं. फोनलाही ते अक्षर कळेना.

मी कडकोळच्या एका कारखान्यात तपासणीची कागदपत्रं बघते. तिथे वर्षातून दोनदा एक जपानी इंजिनिअर येतात, साठीच्या आसपासचे, मोजकं बोलणारे. मी कार्ड पंधरा दिवस पर्समध्ये घेऊन हिंडले, कारण ते दाखवायचं तर मी काय वाचते हेही सांगावं लागणार होतं. शेवटी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी दहीभाताचं ताट बाजूला सारलं, चष्मा बदलला आणि हळूहळू वाचून दाखवलं.

"मी सतरा वर्षांची आहे. कॉम्प्युटर थोरल्या भावाचा होता, तो शहरात जाताना घेऊन गेला. त्यामुळे मी खेळ खेळत नाही, फक्त तुमचं मासिक वाचते. शेवट मी स्वतःच बनवते. सारांश अजून थोडा लांब लिहाल का? माझ्यासारखे आणखीही कुणी असतील."

त्यांनी कार्ड उलटून तिकिटाची कोरी जागा पाहिली. मग म्हणाले, "हे पाठवायला हवं होतं."

"आता पाठवता येईल?"

त्यांनी फोनवर शोधलं. ते मासिक कधीच बंद पडलं होतं.

"पण अशी दुसरी मासिकं आहेत ना?" त्यांनी विचारलं. "तुम्ही लिहा. मी चुका बघतो."

मी लिहिलं. खेळता न येणारे लोकही तुमचं मासिक वाचतात, सारांश थोडा लांबवा. उदाहरण म्हणून त्या मुलीच्या अंकातल्याच एका खेळाचं नाव घातलं. इंजिनिअरांनी लाल पेनानं अकरा चुका काढल्या, तपासणीच्या अहवालात काढतात तशा, आणि शेवटी शिक्क्याच्या जागी बारीक अक्षरात "ठीक" लिहिलं. अप्पा पाकीट घेऊन स्वतः पोस्टात गेले. रांगेत अर्धा तास उभं राहावं लागलं म्हणून दिवसभर कुरकुरत होते.

त्यानंतरच्या तिसऱ्या अंकात माझं पत्र छापून आलं. निम्मं कापून, चार ओळी. खाली संपादकांचं उत्तर: परदेशातल्या वाचकांसाठी या खेळाची इंग्रजी आवृत्ती निघाली आहे, जरूर खेळून पाहा. सारांशाविषयी अक्षर नाही.

"आपलं गाव कुठं लिवलंय?" अप्पांनी विचारलं.

"गाव नाही घातलं. 'परदेश' एवढंच."

"मैसूर लिवायला काय झालतं ह्यांना?" ते खरोखरच रागावले होते. मग उत्तराचा अर्थ विचारला. मी सांगितला.

"मग घे की खेळ."

संपादकांच्या त्या उत्तरानं मला वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. त्यांना प्रश्न समजला नव्हता, आणि मलाही तो बरोबर विचारता आला नसेल. पुढच्या रविवारी मी खेळ घेतला आणि लॅपटॉपवर सुरू केला. अप्पा खुर्ची ओढून शेजारी बसले. मी एकेक वाक्य आमच्या मराठीत सांगत गेले. दीड तासानं गोष्ट एका स्टेशनवर आली. गोष्टीतली मुलगी अजून पोचलेली नाही. थांबायचं की घरी जायचं, असे दोन पर्याय पडद्यावर आले. मासिकातला सारांश इथेच संपत होता.

"काय करू?" मी विचारलं.

"थांब की. काय घाई हाय?"

मी थांबायचा पर्याय दाबला आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं.