दुकान वाढवा

हरिहरेश्वर सोडलं त्या सकाळी एसटीच्या दाराला हात आपटून माझी एक बांगडी गेली. आई खिडकीखाली उभी होती. "फुटली," मी म्हटलं. "फुटली नाही गं, वाढली म्हण," ती म्हणाली, आणि गाडी सुटली. नाना, म्हणजे माझे वडील, स्टँडवर आले नव्हते. देवळाच्या जुन्या वाटेवर त्यांचं बांगड्यांचं आणि नारळांचं दुकान आहे. भवानी झाल्याशिवाय ते जागचे उठत नाहीत.

आमच्या दुकानात काही फुटत नाही आणि काही बंद होत नाही. नारळ वाढवतात, बांगडी वाढते, आणि दिवेलागणीनंतर नाना फळ्या लावतात तेव्हा ते दुकान वाढवतात. अशुभ शब्द तोंडातून जाऊ नये, एवढाच त्यामागचा विचार. तुमच्यापैकी जे गावात राहिले त्यांना हे सांगायला नको. जे माझ्यासारखे निघून गेले, त्यांनी आपल्याला आठवतं का ते पाहावं. मला ऐन वेळी आठवलं नाही.

मुंबईत बारा वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळायचा. ती आवृत्ती बंद पडली तेव्हा बंगळुरूला एका कंपनीत लागले. छोट्या दुकानदारांची भरभराट व्हावी म्हणून ही कंपनी अ‍ॅप बनवते, असं तिच्या भिंतीवर लिहिलेलं आहे. तिथे दुकानदाराला मर्चंट म्हणतात आणि त्याच्या फोनमध्ये अ‍ॅप घुसवण्याला ऑनबोर्डिंग. बैठकीत पडद्यावर एका मिशाळ माणसाचा विकत आणलेला फोटो यायचा. नाव रमेश, लहान गाव, फोनला घाबरतो, मुलांचं ऐकतो. हा रमेश त्या खोलीत कुणालाच भेटला नव्हता, पण त्याच्या मनात काय चालतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. रमेशला रोज सकाळी प्रोत्साहन लागतं, असं एकमताने ठरलं.

प्रोत्साहनाचं इंग्रजी वाक्य मराठी करायला माझ्याकडे आलं. बटणावर दोनच शब्द मावत होते, आणि तेच फोन रोज सकाळी मोठ्याने म्हणणार होता. मी लिहिलं, 'दुकान वाढवा'. सहा जणांनी मंजुरी दिली. त्या सहांपैकी एकालाही मराठी येत नव्हतं. मला येत होतं.

त्याच सुमारास गावातलं पार्किंग देवळाच्या दुसऱ्या अंगाला गेलं. पर्यटक फोनमधला नकाशा सांगेल तिकडे चालतात आणि नकाशात नानांचं दुकान नव्हतं. जुन्या वाटेवरची वर्दळ आटली. आईने फोनवर सांगितलं की आईस्क्रीमवाला दोनदा येऊन गेला, गाळा मागतोय, आणि दुसऱ्या वेळी नानांनी त्याला नाही म्हटलं नाही. मग मी नानांच्या मागे लागले. लेकीची कंपनी, म्हणून त्यांनी अ‍ॅप घेतलं.

श्रावणातला पहिला सोमवार. एक नवी नवरी सासूबरोबर बांगड्या भरायला बसली होती. तिचा हात नानांच्या हातात असताना फोन मोठ्याने बोलला, "नानाजी, आज दुकान वाढवा!" सासूने सुनेचा हात मागे ओढला आणि दोघी उठून गेल्या. समोर फुलं विकणाऱ्या बेबीमावशीने ते ऐकलं.

"काय ओ नाना, सकालच्या पारीच लेकीनं दुकान वाढवाया लावलं व्हय?"

दहा मिनिटांत नानांचा फोन आला.

"हे कुणी लिवलंय?"

"मी."



"आईला सांगू नको," ते म्हणाले आणि फोन ठेवला. अ‍ॅप त्यांनी त्याच दिवशी काढून टाकायला लावलं.

मी कंपनीत लेखी कळवलं. उत्तर आलं की तक्रार एकच आहे आणि क्लिक चांगले पडतायत. पुढच्या बैठकीत माझ्या वडिलांचा उल्लेख 'एज केस', म्हणजे क्वचित घडणारा अपवाद, असा झाला, काही जण हसले आणि विषय संपला. बटण अजून तसंच आहे. रोज सकाळी कोकणभर ते दुकानदारांना फळ्या लावायला सांगतं. त्याच कंपनीचा पगार मी अजून घेते, हेही नोंदवते.

दिवाळीत घरी गेले आणि दुकान नकाशावर टाकलं. पंधरा मिनिटं लागली, पैसे लागले नाहीत. दुकानदाराला ज्याची खरोखर गरज असते ते एवढंच असतं. उरलेला सगळा डोलारा त्याच्या गिऱ्हाइकांचे नंबर गोळा करण्यासाठी उभारलेला आहे. नानांनी परवानगी दिली ती एका अटीवर, की शब्द ते सांगणार. तरी मी सवयीने टाइप केलं, 'येथे सर्व प्रकारच्या बांगड्या मिळतील.'

"मिळतील काय? भाजी हाय ती?" नाना म्हणाले. "कांकणं भरून मिळतील, लिव."

बांगडी विकणं कुणालाही जमतं. समोरच्या बाईचा पंजा दाबून, हाड चुकवून, तिला न दुखवता काच मनगटावर चढवणं हे नानांचं काम. कंपनीच्या कुठल्याही रकान्यात ते मावत नव्हतं. आता पार्किंगकडून बायका फोन हातात धरून येतात आणि विचारतात, भरून देता ना? रोज येत नाहीत. पण आईस्क्रीमवाल्याला नानांनी नाही म्हणून कळवलंय.

बंगळुरूत मी लिहिलेलं सगळं मंजूर होतं, कारण ते कुणी वाचत नाही. घर कुठे, असं कुणी विचारलं तर मी गावाचं नाव सांगते. मनात मात्र एवढंच असतं, की तिथे माझा मजकूर तपासला जातो. नाना नकाशावरची नोंद दर आठवड्याला उघडतात. परवा त्यांचा फोन आला. 'कांकणं'वरचा एक अनुस्वार राहिलाय, म्हणाले. उघडून पाहिलं. राहिला होता.