मेंढपाळ झालेल्या मुलीचा फोटो

कासारवाडीच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर नाताळाला संडे स्कूलच्या मुलांचा कार्यक्रम होतो, आणि दर वर्षी त्याचे फोटो सारखेच यायचे. कार्यक्रम संपला की कुणीतरी काका मुलांना स्टेजवर ओळीत उभं करायचे, "इकडे बघा, हसा" म्हणून ओरडायचे. मग फ्लॅश उडायचा आणि देवदूतांपासून पूर्वेकडच्या ज्ञानी मागी लोकांपर्यंत सगळे चौकीत आणून बसवल्यासारखे दिसायचे. पाळकसाहेबांच्या पत्नीला आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणतो. त्या एका रविवारी उपासनेनंतर मला म्हणाल्या, "एवढा कॅमेरा घेतलायस, यंदा फोटो तूच काढ. पण मुलं मुलांसारखी दिसू देत गं."

मी चाकणच्या एका कारखान्यात हिशेबाच्या खात्यात आहे. कॅमेरा हौसेनं घेतलेला. तोवर मी पवनेच्या काठचे पक्षी टिपायचे. पक्ष्याला आपण तिथे आहोत हे विसरायला लावावं लागतं. मुलांचंही तसंच असेल असं मला वाटलं, आणि मी शनिवारच्या प्रॅक्टिसला जायला लागले.

सुरुवातीला मी एकही फोटो काढला नाही. कॅमेरा मांडीवर ठेवून सतरंजीवर बसायचे. मुलं यायची, बटणं दाबायची, "काकू, माझा काढा" म्हणून दोन बोटं वर करायची. मी त्यांनाच काढायला द्यायचे. हळूहळू त्यांना कंटाळा आला आणि मी भिंतीला टेकवलेल्या तबल्यासारखी होऊन गेले. मग मी काढायला लागले. गुडघ्यावर बसायचं, म्हणजे आपले डोळे मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. फ्लॅश बंद ठेवायचा आणि खिडकीच्या बाजूनं उजेड येतो तिथेच थांबायचं. जे मूल गात असतं त्याच्याकडे सगळेच बघतात, म्हणून आपण ज्याची पाळी यायची आहे त्याच्याकडे बघायचं. आणि पाठ केलेलं बोलून झाल्यावर मूल सुटकेचा श्वास टाकतं, तेव्हा बटण दाबायचं. त्या क्षणाला त्याचा खरा चेहरा दिसतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, चुकत चुकत कळलं. त्याचा मला फार आनंद व्हायचा.

मेंढपाळांमध्ये सातेक वर्षांची एक मुलगी होती. अंगावर शाल, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात कुणाच्या तरी आजोबांची काठी. तिची आई जालन्याकडची, लेकीला घेऊन वर्षापूर्वी इकडे आलेली. दापोडीत रेल्वेलाइनजवळ एका खोलीत राहायची आणि कंपनीच्या बसनं चाकणला जायची. एका शनिवारी तिनं मला दारात गाठलं.

"ताई, माझ्या लेकीचा फोटो नका काढू."

मला वाटलं, लाजतेय. मी म्हटलं, "अहो, छान येतील. बघाल तुम्ही."

"छान येतील म्हणूनच म्हणते." तिनं इकडेतिकडे बघितलं. "तिचा बाप आम्हाला हुडकू लागलाय. आम्ही कुठं आहोत ते त्याला कळायला नको."

"काळजी करू नका," मी म्हटलं. "मी लक्ष ठेवीन."

तिनं माझा हात धरला आणि सोडला. ती माझ्यावर विसंबली होती, हे मला तेव्हा कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मी पुष्कळ वेळ शब्द पाळला. मेंढपाळ आले की मी कॅमेरा देवदूतांकडे वळवायचे. एका देवदूताचा पंख निखळला, योसेफाची दाढी तोंडात गेली. सगळं मनासारखं मिळत होतं. मग मुलांचं समूहगीत सुरू झालं आणि मेंढरू झालेलं एक अगदी छोटं मूल गव्हाणीजवळ चक्क झोपून गेलं. बाकी मुलं गातच होती. ती मुलगी मात्र खाली बसली, अंगावरची शाल काढली आणि त्या मेंढरावर पांघरली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग तिनं मान वर केली आणि स्वतःशीच हसली. खिडकीतला दुपारचा उजेड नेमका तिच्या गालावर होता. पुढचा एक दात पडलेला दिसत होता.

मी बटण दाबलं.

दाबताना मला तिची आई आठवली. आठवली आणि तरी दाबलं. मनात म्हटलं, नंतर काढून टाकीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोटो निवडायला बसले. तो फोटो बाकी सगळ्यांपेक्षा इतका वरचढ होता की पुढचे मला बघवेनात. मी स्वतःला समजावायला लागले. टॉवेलानं कपाळ झाकलंय. नाव कुठे लिहिलेलं नाही. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर सगळी आपलीच माणसं. नवरा स्वयंपाकघरातून चहा घेऊन आला, फोटो बघून म्हणाला, "हा तू काढलास?" त्याच्या आवाजातलं नवल ऐकलं आणि मी सगळ्यांबरोबर तोही मंडळीच्या ग्रुपवर टाकला.

बदाम आले, जोडलेले हात आले. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी लिहिलं, 'हाच खरा नाताळ'. कुणीकुणी तो स्टेटसला ठेवला. मी ऑफिसात दर थोड्या वेळानं फोन उघडून बघत होते, तेवढ्यात त्या मुलीच्या आईचा फोन आला. मागे बसच्या इंजिनाचा आवाज होता.

"ताई, तो फोटो काढा. आत्ता काढा."

मी लगेच काढला. पण लोकांच्या फोनमध्ये गेलेला, स्टेटसवर चढलेला, तो मी कुठून काढणार होते? तिला म्हटलं, "काढला बघा." बाकीचं बोलले नाही.

पुढे काही दिवस काहीच झालं नाही. मला वाटलं, निभावलं.

जानेवारीतल्या एका रविवारी उपासना संपल्यावर एक माणूस माझ्याजवळ आला. त्या दिवशी तिची शिफ्ट होती, त्यामुळे मायलेकी दोघी आल्या नव्हत्या. माणूस किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग. मी मनात जो बाप रंगवला होता तसा तो मुळीच नव्हता.

"सलाम ताई. फोटो तुम्ही काढता म्हणले." त्यानं फोन पुढे केला. पडद्यावर ती मुलगी होती, माझा तोच फोटो. "जालन्याच्या आमच्या एका पाव्हण्याकडं आला हा, कासारवाडीच्या मंडळीचा म्हणून. फार चांगला काढलाय. अजून असतील ना?"

"नाहीत," मी म्हटलं.

"दात पडलाय हिचा." तो फोनकडेच बघत होता. "मला म्हाईत नव्हतं." आणि तो रडायला लागला. माणसं वळून बघायला लागली. "कुठं राहते तेवढं सांगा, ताई. लांबून बघून जातो."

"मला माहीत नाही," मी म्हटलं. मला माहीत होतं. ते लपवताना मला त्याचंही वाईट वाटलं, हे इथे सांगायला हवं. त्याच्या मुलीचा पडलेला दात त्याला मी दाखवला होता, आणि आता मीच दार लावून घेत होते.

बाईंनी त्याला चहाला थांबवून घेतलं. मी स्कूटर काढली आणि वाकडीतिकडी वळणं घेत, मागे बघत बघत दापोडीला गेले. ती नुकतीच कामावरून आली होती, भाकरी थापत होती. मुलगी शेजारी खेळायला गेली होती. मी दारातच सांगून टाकलं. फोटो मी मुद्दाम काढला होता, चुकून नाही, हेसुद्धा सांगितलं.

तिनं गॅस बंद केला, पिठाचे हात धुतले आणि विचारलं, "एकटाच होता?"

"हो."

"पिलेला?"

"नाही. रडत होता. म्हणाला, लांबून बघून जाईन."

"रडतोच तो," ती म्हणाली. "प्यायल्यावर मला एवढी भीती नाही वाटायची. रडून झाल्यावर वाटायची." मग फळीवरून पिशवी काढून ती मुलीचे कपडे भरायला लागली. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, "राहू द्या. तुम्ही शेजारून तिला घेऊन या."

मुलगी माझा हात धरून आली. "काकू, तुम्ही आमच्याकडं?" म्हणून ती खूश झाली होती. तो हात धरून चालणं मला जड गेलं.

त्या दिवशी त्या दोघी बाईंच्या बहिणीकडे राहिल्या. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेले आणि तिनं तक्रार दिली. तो माणूस आणखी एक-दोन रविवार आला, शेवटच्या बाकावर बसला, कुणाला काही बोलला नाही. मग यायचा बंद झाला. तो गेला की इथेच कुठे कामाला लागला, कुणालाच माहीत नाही. तिनं दापोडीची खोली सोडली आणि चाकणच्या बाजूला, कंपनीजवळ दुसरी घेतली. मुलीची शाळा वर्षाच्या मध्येच बदलली. आमच्या मंडळीत त्या पुन्हा आल्या नाहीत.

मंडळीत मला कुणीच दोष दिला नाही. बाई म्हणाल्या, "तू काय वाईट मनानं केलंस का?" वाईट मन नव्हतं, हे खरं. फोटो चांगला होता आणि तो माझा होता, एवढंच मनात होतं. ते सांगायला गेले की लोक माझी समजूत काढायला लागतात, म्हणून मी सांगायचं सोडून दिलं. यंदा प्रॅक्टिस सुरू झाल्यावर मी आधी प्रत्येक मुलाच्या आईला विचारलं. ग्रुपवर एकही टाकणार नाही, छापून घरी देईन, असं बाईंना कबूल केलं. तरी कुठल्या मुलावर उजेड पडला की बोट आपोआप बटणावर जातं, त्याला मी काय करू?

दिवाळीनंतर मी एकदा ऑफिस सुटल्यावर तिच्या नव्या खोलीवर गेले. आधी फोन करून विचारलं होतं. "या," एवढंच म्हणाली. दोन मजली चाळ, समोर ट्रकांची रांग. मुलगी उंच झाली होती. नव्या शाळेत तिला आता मैत्रिणी होत्या, त्यांची नावं तिनं मला घडाघडा सांगितली. नव्या मंडळीत ती यंदा देवदूत होणार होती.

"काकू, कॅमेरा आणलाय?" तिनं विचारलं. "माझा फोटो काढा ना. मागच्या वेळचा मी नीट बघितलाच नाही."

प्रॅक्टिसमुळे कॅमेरा रोज माझ्याबरोबर असायचा. तो माझ्या पायाशी, पिशवीत होता.

"नाही गं, घरी राहिला," मी म्हटलं.

तिची आई कपात चहा ओतत होती. तिनं माझ्या पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिनं कप माझ्यापुढे ठेवला आणि मुलीला म्हणाली, "जा, काकूंना बिस्किटं आण."